सगळे होते म्हणे!

चाकण

आई, जयभीम.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. बाबांचा गुडघा कसा आहे?

कंपनीत मशीन बसवायला हाँगकाँगहून लाऊकाका आलेत. त्यांच्याकडून कँटोनीज शिकतेय. ‘छाय’ म्हणजे पूर्ण, काहीच कमी नाही. सुटे भाग मोजून पूर्ण भरले की ते ‘छाय’ म्हणतात. कँटीनमध्येही सगळे बसल्यावरच ‘छाय’ म्हणून घास उचलतात. काल मला उशीर झाला, तर माझी वाट बघण्यात त्यांचं जेवण गार झालं.

आणि तुम्ही? धम्माचा, माझ्या सख्ख्या भावाचा, साखरपुडा उरकून मोकळे! मला सुट्टी मिळणार नाही, हे तुम्हीच ठरवलंत. विचारलंसुद्धा नाही. वर फोनवर म्हणतेस, “सगळे होते.”

पाठवलेले पेढे तसेच पडलेत.

सगळे नव्हते, आई. मी नव्हते.

तुझीच,
आम्रपाली