ओळ एक्केचाळीस

शामराव घाडी,
लालबाग, मुंबई.
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय हेमचंद्र,

सप्रेम नमस्कार. पाकिटावरचं वेडंवाकडं अक्षर ओळखून तू हे अजून फाडलं नसशील, तर अर्धी लढाई मी जिंकलो.

तू बरा असशील. तुझ्या लेकाच्या, पुष्करच्या सरकारी क्वार्टरमध्ये लिफ्ट नाही, तुझे गुडघे कसे आहेत? इकडे सुभद्राचा मोतीबिंदू काढला. आता तिला माझ्या शर्टावरचे सगळे डाग दिसतात, त्यामुळे घरात शांतता नाही. मी हे लिहायला बसलो तर विचारते, "अँटॉप हिलला पत्र? वीस मिनिटांवर तो माणूस. चपला झिजतील का तुमच्या?" तिला काय सांगू? फोन तू उचलत नाहीस. उचलू नकोस, बरोबरच आहे. आणि दारात उभा राहिलो तर माझं तोंड उघडणार नाही, हे मला माहीत आहे. कागदावर निदान खोडता येतं.

बातमी आधी सांगतो, पोटात राहत नाही. वाचनपेटीतलं आपलं बोर्ड वाचलं!

नव्या कर्नलवर, म्हणजे बोर्ड चालवणाऱ्या मूळ प्रणालीवर उठलं, स्पीकर बोलला, कॅमेरा उघडला, आणि जगभरच्या त्या फुकट सॉफ्टवेअरच्या मोठ्या प्रकल्पानं आपली फाइल दप्तरात कायम ठेवली. गिरगावच्या वाचनालयातल्या अकराही वाचनपेट्या आज चालू आहेत. काचेवर पुस्तक ठेवलं की मराठीत घडाघडा वाचतात. जोडाक्षरांना अडखळतात, पण अडखळत मीही वाचतो.

झालं असं. जानेवारीत प्रकल्पाच्या यादीवर मेल आलं. यादीवर मी आहे हे तुला ठाऊक नसेल. नऊ वर्षं गुपचूप वाचतोय, निम्मं कळत नाही. तर मेलात लिहिलेलं, की अमुक बोर्डाच्या कॉन्फिगची काळजी कुणी घेत नाही. काळजीवाहू म्हणून ज्यांचं नाव आहे, त्यांना पाठवलेली पत्रं परत येतात. नव्या कर्नलवर बिल्ड पडतो, म्हणजे जुळणीच होत नाही. कुणी पुढे आलं नाही, तर पुढच्या आवृत्तीतून हे बोर्ड काढून टाकू. आणि खाली नाव: हेमचंद्र जयकर. तुझा जुना ऑफिसचा पत्ता. तू रिटायर झालास, पत्ता बंद झाला, आणि त्या लोकांच्या लेखी तू हरवलास.

मी ते चार वेळा वाचलं. आपल्या पेट्यांपैकी तीन तेव्हा आधीच मुक्या पडल्या होत्या. जुने कॅमेरे गेले, नवे बसवायचे तर नवा कर्नल हवा, आणि बोर्डच यादीतून गेलं तर नवा कर्नल कुणाच्या जिवावर चढवायचा? एकेक करून अकराही गेल्या असत्या. कालिंदीताईंना तू विसरला नसशील. डोळ्यांनी दिसत नाही त्यांना, बँकेच्या टेलिफोन ऑपरेटर होत्या, पहिली पेटी त्यांच्यासाठी बनवली आपण. त्या अजून रोज चालत येतात. मला म्हणाल्या, "शामराव, वयाच्या साठाव्या वर्षी मला कुणाच्या आवाजाची वाट न बघता वाचता आलं. आता परत वाट बघायला लावू नका." मग गप्प बसणार कसा?

पण माझी अक्कल किती, ते तुला माहीत. इंग्रजी मॅन्युअल वाचणारा तू. मी नुसता तारांना डाग देणारा.

वाचनालयाची नवी सेक्रेटरी मेघना फार हुशार मुलगी आहे. तिनं विचारलं, "काका, म्हणजे तुम्ही नक्की करता काय? बोर्ड तर तेच, मग दुरुस्ती कसली?" मी म्हटलं, बाई गं, गिरणीत मी मागाच्या डॉबीवर होतो. लाकडी पट्टीला भोकं असतात. भोकात खुंटी ठोकली की तो धागा वर उचलला जातो, नाही ठोकली तर खाली राहतो. पट्ट्यांची माळ फिरते आणि कापडावर नक्षी उमटते. कॉन्फिग म्हणजे तीच माळ. स्पीकर आहे? ठोक खुंटी. कॅमेरा आहे? ठोक. वायफाय नाही? भोक रिकामं. बोर्ड तेच राहतं, पण माग बदलला, म्हणजे कर्नल बदलला, की भोकांच्या जागा सरकतात. दर खेपेला माळ नव्यानं तपासायला लागते. म्हणून आमच्या खात्याच्या मुकादमासारखा, बाबुराव जॉबरसारखा कुणीतरी खुर्ची टाकून बसलेला हवा.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" म्हणाली. मी तुझं नाव घेतलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

सात खेपा लागल्या, हेमचंद्र. पहिला पॅच, म्हणजे दुरुस्तीचा मजकूर, पाठवला, तर लांबच्या कुठल्या देशातल्या माणसानं माझ्या पंचवीस ओळींवर चाळीस ओळींचा शेरा मारला. टॅबच्या जागी मी स्पेस मारलेल्या. दुसऱ्या खेपेला स्पेसच्या जागी टॅब. तिसऱ्या खेपेला पत्राचा विषयच चुकला. सुभद्रा म्हणाली, "दहावीला बसला असतात तर एवढ्यात पास झाला असतात." पण तो माणूस मनाचा मोठा. दर खेपेला खाली लिहायचा, आता जवळ आलात. पाचव्या खेपेला बोर्ड उठलं. मी टाळ्या वाजवल्या, सुभद्रानं साखर वाटली. मग लक्षात आलं, की पेटी उठलीय पण बोलत नाही.

बोलत नाही, हेमचंद्र. त्या दिवसासारखीच.

एक्केचाळिसाव्या ओळीचं मी मघापासून टाळतोय, तुझ्या लक्षात आलंच असेल. चहा घेऊन येतो.

आलो.

प्रकल्पात जी फाइल होती, ती आपली तीच जुनी, तू पाठवलेली. मी वाचनालयापुरती नंतर कोऱ्या फाइलवर सगळं नव्यानं टाइप करून चालवली होती, ती वेगळी. आता मी तुझ्या फाइलपासून सुरुवात केली, कारण नाव तुझं होतं. नवं टूल म्हणालं, ओळ एक्केचाळीस, काहीतरी भलतंच आहे, सोडून देतो. जुनं टूल अशी ओळ मुकाट गिळायचं, हे नवं तोंड उघडतं. एक्केचाळीस म्हणजे आवाजाची ओळ. मी बघितली. अक्षरन् अक्षर बरोबर. चष्मा पुसून बघितली. कागदावर छापून बघितली. काही नाही. आठवडाभर मी त्या ओळीपुढे बसून होतो.

शेवटी लॅपटॉप उचलून वाचनालयात गेलो आणि कालिंदीताईंपुढे रडगाणं गायलो. त्या म्हणाल्या, "फाइल माझ्या मशीनवर टाका. तुम्ही बघता, मी ऐकते." त्यांचं ते बोलणारं मशीन एकेक अक्षर उच्चारतं. त्यांनी बाणाची कळ दाबली आणि थांबल्या. परत दाबली.

"अहो शामराव, ही ओळ 'सी'नं सुरू होत नाही. हिच्या आधी कुणीतरी बसलंय."

"कुणी नाही हो ताई, मी बघतोय ना."

"बघू नका. ऐका."

आणि मशीन त्या पत्र्याच्या आवाजात बोललं: जोडणारं चिन्ह, रुंदी शून्य.

मला कळलं, हेमचंद्र. तिथं उभ्या उभ्याच कळलं.

तुला आठवतं? आवाजाच्या ओळीच्या तोंडाशी मी मराठीत चिठ्ठी लिहिली होती, "दुसऱ्या खोलीत ऐकू गेलं पाहिजे". तू ओरडलास, "शाम्या, फाइलमध्ये मराठी नको, पुस ते." मी पुसलं. पण 'दुसऱ्या'तला तो अर्धा र काढायला आपल्या जुन्या कीबोर्डावर जोडाची वेगळी कळ होती, आणि मी कुठलीही कळ दोनदा मारतो. बाबुराव जॉबरची शिकवण. एकदा ठोकलेली खुंटी धाग्याच्या ताणानं निसटते, म्हणून दोनदा ठोक. अक्षर दोनदा उमटलं तर दिसतं, खोडता येतं. तो जोड दिसतच नाही. चिठ्ठी पुसली, अक्षरं गेली, आणि माझा एक जास्तीचा ठोका तिथंच बसून राहिला. तुझ्या ओळीच्या तोंडावर.

पेटी पहिल्यांदा दाखवली त्या दिवशी वाचनालयात चाळीस माणसं होती. पेटी बोलली नाही. तू म्हणालास, ओळ मी घातली आहे, बघा. ओळ खरंच होती. आणि मी काय म्हणालो, ते मी नऊ वर्षं स्वतःशीसुद्धा उच्चारलं नाही. मी म्हणालो, "आता घातलीस. आम्ही सगळे पेटी हलवत होतो तेव्हा गुपचूप घातलीस. चूक झाली तर झाली म्हण, खोटं कशाला बोलतोस?" सगळ्यांसमोर. तू शर्टाच्या खिशाला लावलेलं पेन काढून टेबलावर ठेवलंस आणि गेलास. दुसऱ्या दिवशी मी नव्यानं टाइप केलं, आवाज आला, आणि मी त्याला पुरावा म्हटलं. कसला पुरावा! या खेपेला चिठ्ठी लिहिली नव्हती, एवढंच.

तू खोटं बोलला नव्हतास. ओळ पहिल्या दिवसापासून तिथं होती. चूक माझ्या बोटाची होती, आणि तोंडाची त्याहून मोठी.

तो जोड मी काढला. पुढची खेप पाठवली. त्या परदेशी माणसानं आणखी एक टॅब काढायला लावला, म्हणून सातवी. पॅचबरोबर कारण लिहावं लागतं. माझ्या मोडक्या इंग्रजीत लिहिलं, की आवाजाची ओळ हेमचंद्र जयकर यांनी पहिल्यापासून बरोबर लिहिली होती, तिच्या आधीचं न दिसणारं अक्षर शामराव घाडीच्या हातून पडलं. त्या माणसानं या वेळी एकही शेरा मारला नाही. "स्वीकारलं" एवढंच लिहिलं. प्रकल्पाच्या इतिहासातून ते आता कुणाला पुसता येणार नाही. मीही दोनदा ठोकून पुसू शकत नाही.

पण जगाला सांगून काय उपयोग? मी तुला खोटं ठरवलं ते गिरगावात, त्या टेबलाशी. म्हणून गेल्या शनिवारी पेट्या परत सुरू करायचा कार्यक्रम ठेवला, तेव्हा मेघनाला म्हटलं, पहिलं पान मी देणार. तिला वाटलं एखादी प्रार्थना असेल. मी एक कागद मोठ्या अक्षरांत छापून नेला होता. काचेवर ठेवला, बटण दाबलं आणि मागे हात बांधून उभा राहिलो.

पेटीनं वाचलं. वर लिहिलंय तेच, चार वाक्यांत. माझं नाव "शामराव घाडी" ऐवजी "शामराव गाडी" म्हणाली, तेव्हा मागची माणसं हसली. मग "खोटं हेमचंद्र बोलले नव्हते" हे वाक्य आलं. त्या दिवशीचे पंधरावीस जण तरी होते तिथं. कालिंदीताई पहिल्या रांगेत. त्यांनी काठी दोनदा जमिनीवर आपटली आणि म्हणाल्या, "मागच्या खोलीपर्यंत गेलं हो ऐकू." मग टाळ्या सुरू झाल्या. मी आयुष्यात खूप वेळा हरलोय, हेमचंद्र, पण त्या टाळ्या ऐकताना कधी नव्हे ती माझी छाती इंचभर फुगली. त्या माझ्यासाठी नव्हत्या, हे मला कळत होतं. म्हणूनच फुगली.

तुझं पेन त्या दिवसापासून माझ्याकडे होतं. रीफिल बदलली. हे पत्र त्यानंच लिहितोय.

आता एक काम तुझ्याशिवाय अडलंय. काळजीवाहूंच्या फाइलमध्ये मी दोन नावं घातली आहेत, वर तुझं, खाली माझं. पण ते लोक शिस्तीचे. म्हणतात, नाव ज्याचं आहे त्यानं आपल्या चालू पत्त्यावरून एक ओळ लिहून हो म्हणावं. बाकी सगळ्या ओळी मी लिहिल्या, ही मला लिहिता येणार नाही. तू नाही म्हणालास तरी बोर्ड जाणार नाही, मी बसलोय खुर्ची टाकून. हो म्हणालास तर तुझ्या पत्त्याची जागा त्या काळजीवाहूंच्या फाइलमध्ये तीच आहे, सदतिसावी ओळ, मी रिकामी ठेवली आहे. तिच्या आधी आता कुणी बसलेलं नाही. कालिंदीताईंकडून ऐकून घेतलंय.

सुभद्रा विचारते, जयकर भावोजींना अजून आंबोळ्या चालतात का. चालत असतील तर रविवारी करते. नसतील तर तू नुसता ये. येणार नसशील तर रागाचं का होईना, एक उत्तर दे. ते मी पेटीवर ठेवून दुसऱ्या खोलीत बसून ऐकेन.

माफ कर म्हणायचं होतं. ते दोनदा म्हणतो, सवय आहे.

माफ कर.

तुझ्या ओळीखाली आपलं नाव लिहिणारा,
शाम्या