सासूबाईंचा तुंबा

८ जानेवारी १८७९

दुकानातून आलं – मीठ सहा पेनी, मेणबत्त्या एक शिलिंग. साबण घेतला नाही, राखेवर भागतं. जोसाया इंग्रजांच्या फौजेत स्वार म्हणून निघालाय, आणि त्याच्या कोटाचं कोपर फाटलंय. नवं कापड चार शिलिंग म्हणे! जुन्या पडद्याचा निळ्या फुलांचा तुकडा होता, तोच लावला. टाका पक्का.

जोसाया कुरकुरला, "अगं, साहेब हसतील. नदीपलीकडचे झुलू राजाचे शिपाईसुद्धा हसतील!"

हसू देत. हसताना भाला तरी चुकेल!

११ जानेवारी

इंग्रजांची फौज नदी ओलांडून राजाच्या मुलखात गेली. जोसायाही – घोड्यावर, हॅटला इंग्रजांकडच्या झुलूंची खूण, लाल फडकं, बांधून. अलीकडचे झुलू पलीकडच्या झुलूंवर चालून गेले. आमची मिशनची जमीन टिकावी म्हणून गेला, मला ठाऊक आहे.

देवा, त्याला परत आण. कोटासकट.

२५ जानेवारी

डोंगराखाली राजाच्या फौजेने इंग्रजांची सगळी छावणी कापून काढली! आपले स्वार निसटले. जोसाया सुखरूप, आता उत्तरेकडच्या फौजेत. सासूबाई निरोप्याला म्हणाल्या, "पुन्हा सांग." त्याने पाचदा सांगितलं.

२७ जानेवारी

मक्यात माणूस सापडला! राजाचा शिपाई. चांगला चाळिशीचा, ढेरपोट्या, डोक्यावर लग्न झालेल्यांचं मेणाचं कडं, मांडीत गोळी. नदीच्या अलीकडे लढायला आलेल्यांतला, मागे राहिलेला.

"ओरडू नकोस, बाई," तो म्हणाला, "ओरडायला घरी दोन बायका आहेत."

सासूबाईंना बोलावलं. त्यांनी त्याला नीट पाहिलं, आत गेल्या आणि दह्याचा तुंबा घेऊन आल्या. तुंब्यातलं दही फक्त घरच्यांनी खायचं. ज्याने खाल्लं तो घरचा. मग दोन्हीकडून हात उचलायचा नाही. माझं लग्न चर्चमध्ये लागलं, रीतीचा बोकड कापला नाही, म्हणून सात वर्षांत मला बोटभर मिळालं नाही. आणि या ढेरपोट्याला वाडगाभर!

"आई, तो शत्रू आहे!"

"माझा मुलगा त्यांच्या मुलखात आहे. त्यांचा एक माझ्याकडे असू दे. आणि तू का फुगलीस गं, मास्तरीणबाई?"

त्याचं नाव म्बांगो. दुसरा वाडगाही संपवला.

३१ जानेवारी

गोरे स्वार आले. जखमी शोधत हिंडतायत – सापडला की गोळी. म्बांगो अंगणात, पायावर घोंगडी. दुभाषा आपलाच, झुलू. मला म्हणाला, "वहिनी, हा कोण?"

खोटी साक्ष देऊ नको – शाळेत शंभरदा लिहिलेलं. तेवढ्यात म्बांगोच्या हातातला वाडगा दिसला.

"आमच्या घरचा आहे," मी म्हणाले. "सासूबाईंच्या तुंब्यातलं खातो."

दुभाष्याने कडं पाहिलं, घोंगडी पाहिली. "खरंच, आई?"

"माझ्या हाताने वाढलंय," सासूबाई म्हणाल्या. "तुला नाही मिळायचं."

तो ओठ दाबून वळला आणि साहेबाला इंग्रजीत म्हणाला, "म्हातारीचा थोरला मुलगा."

गेले! मी खोटं बोलले नाही. तो बोलला, त्याचं तो पाहील.

धुरळा बसल्यावर सासूबाईंनी माझ्या हातात चमचा दिला. "खा. बोकडाचं नंतर बघू." फार आंबट होतं. डोळ्यांत पाणी आलं ते त्यानेच.

२ मार्च

म्बांगो लंगडत परत निघाला, आपल्या पलटणीत. महिनाभर खाल्लेला मका वहीत मांडला नाही. घरच्याचं कोण मांडतं!

सासूबाईंनी विचारलं, "माझा जोसाया समोर आला तर ओळखशील?"

"लाल फडकी हजार जणांना आहेत, आई."

"कोपरावर निळी फुलं हजार जणांना नाहीत," मी म्हणाले.

त्याला खरंच वाटेना. उरलेला पडदा आणून दाखवला. पोट धरून हसला मेला.

५ एप्रिल

उत्तरेला ह्लोबाने नावाच्या डोंगरावर इंग्रजांचे घोडेस्वार कोंडले गेले. पुष्कळ मेले. जोसाया परतलेल्यांत नाही. मेलेल्यांतही कोणी पाहिला नाही.

६ एप्रिल

प्रार्थना. सासूबाईही शेजारी गुडघे टेकून बसल्या – आयुष्यात पहिल्यांदा. "तुझ्या देवाला माझं नाव सांग," म्हणाल्या.

१९ एप्रिल

पत्र! जोसायाचंच अक्षर! तसंच उतरवून ठेवते –

"घोडा मेला, मी खडकांत अडकलो. राजाचा एक लंगडा शिपाई भाला उगारून आला, माझं कोपर पाहिलं आणि हसतच सुटला. भाला टाकून मला पाठीवर घेऊन डोंगर उतरला, धापा टाकत. खाली सोडताना म्हणाला, 'धाकट्या, आईला सांग, दही इतकं आंबवत जाऊ नकोस.' रिबेका, मी तर आईचा एकुलता एक. हा थोरला कोण? उलट टपाली कळव."