मंत्री म्हणाले, "विचार करू"

सोल

आईस, युनसुकचा दुरूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे. संसदेत लघुलेखनाचं काम नेहमीसारखं चालू आहे. बाबांचं इंजेक्शन सरकारी आरोग्य विम्यात घ्यायचं का, यावर काल अंदाजपत्रकाच्या चर्चेत बोलणं झालं. मंत्री म्हणाले, "विचार करू." तू ते टीव्हीवर ऐकलंस आणि आनंदानं शेजारीपाजारी तांदळाच्या वड्या वाटल्यास, असं दादा फोनवर सांगत होता.

आई, हे वाक्य मी इथं रोज टिपते. माझ्या शेजारी बसून टिपणं घेणाऱ्या, ओ आडनावाच्या बाई म्हणतात, "लिही गं, आलं बघ 'नाही'चं आदरार्थी रूप!"

बाबांना जेवण जातं का? वड्या उरल्या असतील तर त्यांनाही दे. त्यांनी विचारलंच, तर मंत्र्यांचे शब्द जसेच्या तसे सांग. ते खोटं ठरणार नाही.

तुझी,
युनसुक