आकडा परत म्हणायचा असतो

३ ऑक्टोबर

पोचलो एकदाचे! पिंतिलियेकाकांच्या घोडागाडीत हाडं खिळखिळी झाली, पण केबिन झकास आहे. चुलीवर मक्याची मामालिगा रटरटतेय. काका इथले वनरक्षक. मला म्हणाले, स्मरांदाबाई, विमानातलं रडार झाडं मोजतंय ना, मग तुम्ही दोघी कशाला तडफडलात इथे? मी सांगितलं, रडारची लांब लहर पानांतून आरपार जाते आणि खोडांवर आपटून परतते, त्यावरून जंगलाचं वजन काढतात. ते खरं की खोटं बघायला कुणीतरी खोडांना टेप लावायलाच हवी. काका म्हणाले, म्हणजे साहेबाच्या हिशेबामागे झाडू मारायला आलात! माझ्या जोडीदारणीला, ओलिंपियाला, हसून हसून ठसका लागला.

५ ऑक्टोबर

कामाला लय आली. मी छातीच्या उंचीवर टेप लावते, तिच्यावर घेर नव्हे, थेट आरपार जाडी सेंटीमीटरमध्ये वाचते आणि झाडाच्या जातीसकट ओरडते, "बीच, चाळीस!" ओलिंपिया आकडा परत म्हणते, मग लिहिते. परत म्हटल्याशिवाय झाड हिशेबात धरायचंच नाही, हा आमच्या खात्याचा जुना शिरस्ता.

९ ऑक्टोबर

ओलिंपियाला सडकून ताप. काका तिला खाली घेऊन गेले. शनिवारी शिधा घेऊन येतो म्हणाले. आमच्या खात्याच्या होरियासाहेबांनी वायरलेसवर सांगितलं, बर्फ पडायच्या आत एकटीने उरक. आता मीच ओरडते, मीच परत म्हणते. चहाला सवयीने दोन कप काढले आणि रडूच आलं.

१२ ऑक्टोबर

आज मी ओरडले आणि उतारावरून कुणीतरी आकडा परत म्हणालं. पुरुषाचा आवाज, प्रतिध्वनी नव्हे. हाका मारल्या, कुणी दिसलं नाही. घाबरायला हवं होतं, पण खरं सांगते, बरं वाटलं. दिवसभर त्याच्या सोबतीने काम केलं.

१४ ऑक्टोबर, शनिवार

आज त्यानेच आधी पुकारलं, गाडीवाटेच्या बाजूने. "बीच, एकतीस." मी सवयीने परत म्हटलं आणि लिहूनही टाकलं.

काका आले नाहीत.

१६ ऑक्टोबर

साहेब वैतागलेत. नव्या रडारचित्रात गाडीवाटेच्या मधोमध खोड दिसतंय. जाऊन बघ म्हणाले.

गेले. रिकामी घोडागाडी. घोडा थरथरतोय. चाकोरीत एक बीच, आणि लगाम त्याच्या सालीत शिरलेला. खोड कोमट लागलं.

टेप लावली. एकतीस.

मी म्हटलं म्हणून — माझ्या तोंडाने — काका —

लगाम कापला तर घोडा मला टाकून पळाला.

१७ ऑक्टोबर

वायरलेसवर नुसती खरखर. चालत निघाले, तर त्याने कानाशी पुकारलं. "बीच, सव्वीस." आणि वाट बघत थांबला. तोंड दाबून केबिनमध्ये पळाले.

टेप स्वतःच्या छातीला लावली. सव्वीस.

परत म्हणायचं नाही. बस. तोंड उघडायचं नाही.

१९ ऑक्टोबर

दाराशी आहे. पुकारतोय — किती मायेने. आई जेवायला बोलवायची तसा —

२० ऑक्टोबर

सकाळपासून गप्प. गेला?

कुणीच नाही. वायरलेस मेला. माझा आवाजही मी किती दिवसांत — ही शांतता नाही सोसत. त्याच्यापेक्षा हीच भयंकर —

जाऊ नकोस रे. म्हणते. हे बघ, लिहिता लिहिता मोठ्याने म्हणते — बीच, सव्