फोनच्या कानातलं यंत्र

प्रिय डेन्झिल,

माझं अक्षर ओळखशील की नाही कोण जाणे. हात थरथरतो हल्ली, आणि खाणीतली धूळ छातीत अशी बसलीय की चार ओळी लिहिल्या तरी पेन ठेवून श्वास घ्यावा लागतो. पण दुसऱ्या कुणाकडून लिहवून घ्यायचं हे पत्र नव्हे. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलोय. बीन्स शिजत ठेवलेत. तुझ्या आईसारखे होत नाहीत, पण पोटात काहीतरी ढकलावं लागतं. ओढ्यावरचा पूल पुरात गेला होता, तो परत बांधला. तुझी कुत्री आहे अजून. डोळ्यांनी दिसत नाही तिला, तरी ट्रकचा आवाज आला की अंगणात जाऊन उभी राहते.

तू ओहायोला निघून गेलास त्यानंतर आईनं शनिवारच्या बाजारात जास्तच लक्ष घातलं. पाठ दुखावल्यावर तुला दिलेल्या त्या गोळ्यांचं जे व्यसन लागलं, त्यानं घरात काय केलं, ते मी तुला सांगायला नको. घरात बसलं की तिला तेच आठवायचं, म्हणून ती ब्रेड भाजत राहायची. कोर्टासमोरच्या मैदानात आमचा मांडव. एका बाजूला ब्रेड, दुसऱ्या बाजूला सफरचंदं आटवून केलेल्या ॲपल बटरच्या बरण्या. शेजारी रोवीनाची मधाची गाडी. रोवीना तुला आठवत असेल, चर्चमध्ये सगळ्यांच्या वरचा सूर लावायची ती. तिनंच आईच्या डोक्यात भरवलं की शहराकडून येणारी माणसं खिशात नोटा ठेवत नाहीत, कार्ड पुढे करतात आणि आपण नाही म्हटलं की पुढच्या मांडवात जातात. मग पोस्टानं ते यंत्र आलं. पांढरा, प्लास्टिकचा, बिस्किटाहून लहान चौकोन, त्याला खाली एक दांडी. फोनला कानाची वायर लावायचं जे भोक असतं ना, त्यात ती दांडी खुपसायची आणि चौकोनाच्या फटीतून कार्ड ओढायचं.

ते जोडताना काय तमाशा झाला म्हणून सांगू! दांडी पुरती आतच जाईना. रोवीना म्हणाली, "अगं ओलेटा, फोनचं कव्हर काढ आधी." तू दिलेलं ते लाल कव्हर. आई काढायला तयार होईना. शेवटी तिनं कात्रीनं वरचा कोपरा तेवढा कापला. मग फोननं विचारलं, तुमचा आवाज ऐकायची परवानगी देता का? आई बिचकली. "याला माझं बोलणं कशाला ऐकायचंय?" म्हणाली. रोवीनानं समजावलं की कार्डाच्या मागची ती काळी पट्टी फोनला दिसत नाही, ऐकू येते. कार्ड ओढलं की पट्टीतून बारीक आवाज निघतो, आपल्याला कळत नाही, फोनला कळतो. आईला ते फार आवडलं. घरी येऊन मला म्हणाली, "हार्लन, माणसाचं नावसुद्धा असतं म्हणे त्या आवाजात." आधी तिचं कार्ड अडायचं. हळू ओढलं तरी चालेना, घाईनं ओढलं तरी चालेना. मी म्हणालो, काडी पेटवतेस तसं ओढ. मग जमलं. थोड्याच दिवसांत ती तरण्या पोरांना शिकवायला लागली, "पट्टी तुमच्याकडे नाही, माझ्याकडे करा, साहेब." गर्दीच्या दिवशी ते यंत्र सकाळी लावलं की संध्याकाळी मांडव उतरवतानाच काढायची.

त्या ऑक्टोबरात तू फोन केलास. बाजार तुडुंब होता. फोन वाजला, आईनं पाहिलं, नंबर अनोळखी होता पण ओहायोचा. तिचा चेहरा मी पाहिलाय, डेन्झिल. एका बाईचं कार्ड तिच्या हातात होतं, ते तिनं मला न बघताच दिलं आणि हिरवं बटण दाबून आपल्या गाडीच्या मागे गेली. मीही मागोमाग गेलो. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो. ती बोलली ते मी सगळं ऐकलं. पलीकडून मात्र काहीच नाही. ती थांबायची, पुन्हा बोलायची, फोन कानावर इतका दाबलेला की कान लाल झाला. मग फोन बंद झाला. म्हणाली, "तोच होता. धीर झाला नाही त्याला." संध्याकाळी घरी आल्यावर तिनं तो नंबर पुन्हा पुन्हा लावला. शेवटी कुणीतरी उचलून म्हणालं, "बाई, हा पेट्रोल पंपावरचा फोन आहे, इथून कुणीही करतं."

तिनं त्यानंतर फोन कधी लांब ठेवला नाही. ॲपल बटरची कढई ढवळताना ॲप्रनच्या खिशात, चर्चमध्ये मांडीवर, न्हाणीघरात बेसिनच्या कडेला. मी चिडायचो, "अगं, वाजला की कळेल ना!" फेब्रुवारीत ती सकाळी कोंबड्यांना दाणे घालायला गेली आणि तिथेच पडली. डॉक्टर म्हणाले, डोक्यातली नस फुटली, कळलंही नसेल तिला. मला ते खरं वाटत नाही.

आई गेल्याचं सांगायला तुझा चुलतभाऊ मर्ल तुला शोधत ओहायोतल्या कोलंबसपर्यंत आला होता, ते तुला माहीतच आहे. तू त्याला जे म्हणालास ते त्यानं मला दफनाच्या दिवशी, कबरीपासून परत येताना सांगितलं. "मी फोन केला होता. तिनं उचलला आणि एक शब्द बोलली नाही. जिवंतपणी बोलली नाही, आता येऊन काय करू?" मला वाटलं, पोरगं खोटं बोलतंय. स्वतःच गप्प राहिला आणि मेलेल्या आईवर ढकलतोय. मी मर्लला म्हणालो, त्याचं नाव माझ्यासमोर काढू नकोस. तेव्हापासून मी तुझ्यावर इतका राग धरला की रात्री दात आवळून आवळून दुखायचे.

उन्हाळ्यात मी बाजारात पुन्हा मांडव लावला. घरात बसवेना. ब्रेड मला येत नाही, उरलेल्या बरण्या विकत होतो. आईचाच फोन, तेच यंत्र. गेल्या शनिवारी मर्लचा फोन आला. उचलला, तर काहीच ऐकू येईना. मी "मर्ल, मर्ल" ओरडतोय. रोवीना हसत आली. "अरे हार्लन, यंत्र काढ की! ते लावलेलं असलं की फोनला वाटतं कानाची वायर लावलीय, सगळा आवाज तिकडेच जातो. त्याचं बोलणं तुला नाही, तुझं त्याला नाही." आणि तिनं ते उपटून काढलं. फोनमधून मर्लचा आवाज आला.

मी तिथेच बरण्यांच्या खोक्यावर बसलो. मग रोवीनाला म्हणालो, यंत्र परत लाव, तू गाडीमागे जा आणि मला फोन कर. ती गेली. मी बोललो, बराच वेळ बोललो. ती परत आली तेव्हा रडत होती, कारण त्या ऑक्टोबरात काय झालं ते तोवर तिलाही उमगलं होतं. म्हणाली, "काही नाही आलं, हार्लन. एक अक्षर नाही."

आता हे सांगून काय उपयोग, असं मी आठवडाभर स्वतःला विचारतोय. ती गेली ते मनात धरूनच की तू तिच्याशी बोलला नाहीस. तिला मी आता काही सांगू शकत नाही. कबरीपाशी जाऊन मोठ्यानं सांगितलंही, वेड्यासारखं. काही हलकं वाटलं नाही. तू परत ये म्हणून हे लिहीत नाही, तू येशील असं मला वाटतही नाही. पण तिचे शब्द ऐकणारा मी एकटाच होतो, आणि माझी छाती मला फार दिवस देईलसं दिसत नाही. ते तुझे आहेत म्हणून तुला पोचवतोय, मर्लच्या हाती. ती म्हणाली, "डेन्झिल? तू आहेस ना? बोलू नकोस हवं तर, बाळा, नुसता राहा फोनवर. मी रागावलेली नाही. कुठे आहेस तेवढं सांग, मी आत्ता निघते. हे बघ, निघालेच. हार्लन, किल्ल्या काढ." आणि मी काढल्या होत्या. तू फोन ठेवलास तेव्हा आम्ही दोघं गाडीच्या दाराशी उभे होतो.

तुझाच,
बाबा