भारताचा रकाना

प्रिय उझ्मा,

फोन उचलत नाहीस, मेसेज वाचतेस आणि गप्प बसतेस. म्हणून कागद काढला. तुझ्या घरी फरीदाचाचींच्या हातात देईन. त्यांना नाही म्हणणं तुला अजून जमलेलं नाही.

परवा आईला पुन्हा एकदा आपलं काम समजावून सांगत होते. म्हटलं, आम्ही गाडी दुरुस्तीची पुस्तकं लिहितो. गाडी एकच, इंग्रजीही एकच, पण अमेरिकेतल्या मेकॅनिकला मागच्या कप्प्याला ट्रंक म्हणावं लागतं आणि ब्रिटनमधल्याला बूट. अमेरिकेत हूड, ब्रिटनमध्ये बॉनेट. म्हणून शब्दांच्या तक्त्यात प्रत्येक देशाचा वेगळा रकाना. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "मंग आपला रकाना कुठं हाय?" तिला काय सांगू? भारताचा रकाना तू भरला होतास आणि त्याच्यावरूनच हे सगळं झालं, हे मी घरी बोलले नाही.

ती ऑनलाइन मीटिंग माझ्या डोक्यातून जात नाही. रणजीतसरांनी तुझे शब्द सगळ्यांसमोर वाचले. डिकी. स्टेपनी. मग हसून म्हणाले, "हे काय, वडलांच्या गॅरेजमधून आणलेस का?" सगळे हसले. तू माइक बंद केलास आणि "हो" म्हणालीस. ते फक्त मला ऐकू आलं, शेजारी बसले होते म्हणून. संध्याकाळी तुझा राजीनामा गेला.

दुसऱ्या दिवशी ती फाइल माझ्याकडे आली. ब्रिटनचा रकाना जसाच्या तसा भारताला चिकटव आणि तपासणारी म्हणून स्वतःचं नाव टाक, एवढंच काम. मला तू ओळखतेस. साधा 'धन्यवाद'चा मेल मी पुन्हा पुन्हा वाचते. बरोबर की चूक हे विचारायला माझ्याआधी घरात कुणी शिकलेलंच नव्हतं, त्यामुळे छापलेलं असेल ते खरं मानत आले. नाव टाकायला बसले आणि हात चालेना. भोसरीच्या वर्कशॉपमधून आपल्याकडे आलेल्या मेकॅनिक अण्णांना मी विचारलं, डिकी हे इंग्रजी नाही म्हणतात, खरं का? ते म्हणाले, "मग इतकी वर्सं आमी काय उघडत व्हतो गं?"

मी हसले, आणि मग रडले.

सकाळी सरांना मेल केला. आपल्याकडे पद्धत आहे की नाही? कुठल्याही देशाचं पुस्तक आधी तिथल्या मेकॅनिकच्या हातात द्यायचं, त्यानं फक्त वाचून काम करायचं, आणि जिथे त्याचा हात अडेल तो शब्द बदलायचा. अमेरिकेत ही चाचणी झाली, ब्रिटनमध्ये झाली. आपली कुठे आहे? सर थेट टेबलापाशी आले. "स्वरूपा, नोकरीचं कन्फर्मेशन तोंडावर आलंय, कशाला पंगा घेतेस? आपल्या लोकांना कळतं ब्रिटिश इंग्रजी." मी म्हटलं, मग चाचणीला घाबरायचं कशाला, सर? ती होईपर्यंत माझं नाव लागणार नाही.

तू मागे शोधून काढलं होतंस ना, स्टेपनी हा शब्द ब्रिटनमधल्याच एका रस्त्याच्या नावावरून आलाय आणि तिकडचे लोक तो विसरून गेलेत? ते मी सरांना सांगितलं नाही. मुद्दामच. तो तिकडून आला म्हणून खरा, असं मला म्हणायचंच नव्हतं. तो भोसरीत जन्मला असता तरी खराच असता. रोज इतके हात ज्याला धरून काम करतात, त्या शब्दाला आणखी कुणाची सही हवी?

मेलची प्रत सरांच्या वरच्या विजयश्रीमॅडमना होती. त्यांनी चाचणी मंजूर केली. गॅरेज तू निवड, म्हणाल्या. मी काळेवाडीचं निवडलं. हो, तुमचंच. तुझ्या अब्बांना, चांदभाईंना भेटून आले. "किताब पढके गाडी खोलना? चलो, ये भी देखेंगे," म्हणाले, आणि तुझा ताप उतरला का ते मला विचारलं! घरी काय सांगितलंयस ते तेव्हा कळलं. शब्द कुणी लिहिले, त्यावर कोण हसलं, यातलं मी काहीच बोलले नाही.

कदाचित बूट वाचून त्यांचा हात अडणारही नाही. मग बूट राहील, मी मुकाट्यानं मान्य करीन. पण ते हातावरून ठरेल, हसण्यावरून नाही.

हे सगळं लिहायचं कारण एकच. चाचणीच्या वेळी शब्द लिहिणारीनं समोर उभं राहायचं असतं, हा नियमच आहे. ती लिहिणारी मी नाही. राजीनामा शुक्रवारी मंजूर होणार आहे. चाचणी गुरुवारी सकाळी, दुकान उघडल्यावर. म्हणजे तेव्हा तू अजून कंपनीचीच आहेस. राजीनामा मागे घ्यायचा की नाही, ते तुझं तू ठरव. पण ये. रणजीतसर असतील, अब्बा असतील. तुला सरांनी मीटिंगमध्ये जे विचारलं होतं, त्याचं उत्तर त्या दोघांसमोर, त्याच गॅरेजमध्ये उभी राहून दे. या वेळी सगळ्यांना ऐकू जाऊ दे.

तुझी खुर्ची कुणाला देऊ न देणारी, तुझीच,
स्वरूपा