सगळी जाकिटं खुंटीवर होती

प्रिय चिंगे,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. फोन कापता येतो, पत्र निदान दारात पडून राहतं. राग अजून नाकाच्या शेंड्यावर असेल, तर असू दे. एक तर सायकल सोड आणि माझ्याकडे राहायला ये, नाहीतर मला फोन करू नकोस, असं तू स्वच्छ सांगितलंस. सायकल मी सोडलेली नाही. पुढच्या आठवड्यात वारा सुटणार म्हणतायत, तेव्हाही वणव्याच्या गस्तीला वर जाणार आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी धक्का नको. आता वाचायचं तर वाच.

इथलं बरं आहे. बरं म्हणजे काय, जसं होतं तसं आहे. इस्पितळात चादरी, पडदे, डॉक्टरांचे डगले शिवणं चालू आहे. नवीन मशीन आलंय, पण त्याचं पायडल इतकं हलकं की सुई आपली आपणच पळत सुटते, मला काही जमत नाही. बाजूच्या टेबलावरची पोरगी म्हणते, मावशी, तुम्ही जुन्यावरच बसा, नव्याची वाट लावाल. बसले जुन्यावर. पाऊस यंदा लवकर आटोपला. डोंगरावरचं गवत केव्हाच पिवळं पडलं आणि आता हात लावला की मोडतं. पन्हाळीतला पालापाचोळा मी काढला, घराच्या भोवतीचं गवत कापून घेतलं, गॅसची टाकी मागच्या भिंतीपासून हलवली. तू विचारलं असतंस, म्हणून सांगितलं.

त्या दिवसाचं तुला कोणी नीट सांगितलंच नाही. तू आलीस तेव्हा जो तो एकेक तुकडा सांगत होता आणि तू दाराशी चपला न काढता उभी होतीस. मीही काही बोलले नाही. आता क्रमाने सांगते.

वरचा रस्ता तुला माहीत आहे, एका गाडीपुरता, एका बाजूला डोंगर, दुसरीकडे दरी. वाऱ्याच्या दिवशी तिथे गाड्यांना बंदी असते. एक तर तापलेला सायलेन्सर वाळक्या गवताला टेकला की वणवा पेटलाच, आणि दुसरं म्हणजे आगीच्या बंबांना रस्ता मोकळा हवा. म्हणून गस्त सायकलवर. घरोघर जायचं, कोणी कचरा जाळत नाही ना, कोणी गवत कापायचं मशीन किंवा वेल्डिंग काढून बसलेलं नाही ना, ते बघायचं, आणि पायथ्याच्या गस्तीच्या चौकीवरून सांगितलं की घरं सोडा, तर लोकांना निघायला लावायचं. तुझ्या बाबांनी शाळेची बस चालवणं सोडलं आणि यात पडले. जन्मभर पोरांवर ओरडायची सवय, आता म्हाताऱ्यांवर ओरडायला मिळालं, असं मी म्हणायचे. नियमांचं तर त्यांना वेडच लागलं. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली दोन बोटं जाईल इतकाच सैल. निघण्याआधी ब्रेक, हवा, घंटी बघायची. दिवसाढवळ्याही दिवा चालू. एकामागे एक जायचं, गप्पा मारत जोडीने नाही. धूर दिसला की उतरायचं, सायकल हातात धरून डोंगराच्या बाजूने चालायचं. बंबाचा भोंगा ऐकला की डोंगराला पाठ लावून उभं राहायचं, जाऊ द्यायचं. हे सगळं ते मला जेवताना म्हणून दाखवायचे. मी म्हणायचे, अहो, आधी गिळा.

पिवळी जाकिटं मीच शिवलेली. चकाकत्या पट्ट्या पाठीवर दोन, छातीवर एक, दंडाला एकेक. चौकीच्या भिंतीवर खुंट्या आहेत. वर जाताना जाकीट घालायचं, खाली आलं की आपल्या खुंटीला लावायचं. सगळी जाकिटं खुंटीवर आली म्हणजे सगळी माणसं खाली आली. मग चौकीवाला बंबांना कळवतो की आता रस्त्यावर आपलं कोणी नाही, गाड्या जोरात सोडा. वर्षानुवर्षं असंच चालायचं, आणि कधी काही चुकलं नव्हतं.

त्या दिवशी वर वणवा पेटला, लोकांना निघायला सांगून बाबा खाली आले, जाकीट खुंटीला लावलं, पाणी प्यायले. मग त्यांना आठवलं की वरच्या वळणावरच्या त्या शिक्षिकाबाईंचं दार त्यांनी वाजवलं होतं, पण उत्तर आलं नव्हतं. बाईंना कमी ऐकू येतं. आत असतील तर, असं वाटलं असणार त्यांना. पुन्हा वर गेले. जाकीट घेतलं नाही. का नाही घेतलं, हे मला विचारू नकोस, मलाही कळलेलं नाही. हाकेच्या अंतरावर जाऊन यायचं तर कोण घालतं, असं काहीतरी असेल. हेल्मेट मात्र होतं, पट्टासुद्धा लावलेला. चौकीवाल्याने भिंतीकडे पाहिलं, सगळी जाकिटं होती, त्याने तसं कळवलं. धूर उतरला. बंब रिकामा होऊन पाणी भरायला खाली येत होता. बाबा डोंगराच्या बाजूलाच होते, सायकल हातात धरून, अगदी त्यांच्या नियमाप्रमाणे. पण बंबवाल्याला खाकी शर्ट दिसलाच नाही, तोही डोंगराला चिकटूनच येत होता, कारण दरीची कड त्याला दिसत नव्हती. शिक्षिकाबाईंच्या घराला कुलूप होतं. त्यांचा भाचा त्यांना सकाळीच घेऊन गेला होता.

संध्याकाळपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. बंबवाल्याला वाटलं दगडाला घासलं. चौकीवर म्हणत होते, घरी गेले असतील. मी इस्पितळातून आले, घर बंद दिसलं, म्हटलं चौकीवर बसले असतील गप्पा झोडत. स्वयंपाक केला. झाकून ठेवला. मला कोणी विचारलं नाही आणि मी कोणाला विचारलं नाही, कारण विचारायचं कारणच नव्हतं. वारा पडल्यावर रस्ता बघायला गेलेल्यांना ते दिसले, तोवर ते केव्हाच गेले होते.

आता तुला ज्याचा राग आहे ते. तू स्वयंपाकघरात आलीस आणि तो बंबवाला आपल्या टेबलाशी बसून चहा पीत होता. तू मला जे बोललीस ते बोललीस. खरं सांगू का, त्याला चहा द्यावा असं मला वाटलं नव्हतं, देऊ नये असंही वाटलं नव्हतं. दारात माणूस उभा होता, मी कप काढला. मला तेव्हापासून काहीच वाटत नाही गं. लोक म्हणतात, धीराची बाई आहे. कसला डोंबलाचा धीर! दात काढताना गाल बधिर करतात ना, तसं झालंय, आणि तो गाल माझाच आहे हे सुद्धा चाचपून बघावं लागतं. जेवते, पण मीठ कमी की जास्त ते समजत नाही. रडू येईल म्हणून एकदा मुद्दाम बाबांचं कपाट उघडून बसले. डांबरगोळ्यांचा वास आला, शिंक आली, बंद केलं. तो बिचारा अजून येतो, पन्हाळीवर चढायला शिडी धरतो. तू त्याच्यावर रागावू शकतेस, याचा मला हेवा वाटायला हवा, पण तोही वाटत नाही.

सायकलचं म्हणशील, तर त्यात पराक्रम काही नाही. एका वाऱ्याच्या दिवशी गस्तीला एक जण कमी पडत होता, चौकीवाला दारात येऊन नुसता उभा राहिला, विचारायचा धीर होईना त्याला. मीच म्हटलं, येते. चढावर मी उतरून ढकलत नेते, सगळे हसतात, हसू देत. उतारावर ब्रेक दाबून दाबून हातांना रग लागते, रात्री मूठ वळत नाही. तेवढं मात्र दुखतं. दुखतं तेव्हा बरं वाटतं, असं लिहिणार होते, पण बरंही वाटत नाही, नुसतं दुखतं. तरी जाते. एका घरात आजोबा-आजी वेल्डिंगचं मशीन लपवून ठेवतात, मला बघून पलंगाखाली सरकवतात, आणि मी चहा पिऊन ते बाहेर काढायला लावते. तुला वाटतं मी मरायला जाते. तसं नाही गं बाई. मरायचं तर शिवणाच्या मशीनपाशी बसूनही मरता येतं.

आता कामाचं. त्या दिवसानंतर जाकिटं मोजणं बंद झालं. नवी पद्धत अशी, की गस्तीवरच्या प्रत्येकाने घरचं एक माणूस सांगायचं. निघताना त्याला फोन करायचा, खाली आलं की करायचा. तो दुसरा फोन झाला, हे त्या माणसाने चौकीला सांगितल्याशिवाय बंब धुरात हलत नाही. आणि उशीर झाला, तर त्या माणसाने चौकीवर फोन करून आकाशपाताळ एक करायचं. कोणी बायकोचं नाव दिलं, कोणी मुलाचं. माझ्याकडे घरी कोणी नाही. बंबवाला म्हणाला, माझं द्या. पण तो तर वरच असतो, आणि दुसरंही आहेच. चौकीवाला म्हणतो, माणूस दिल्याशिवाय यंदा वर सोडणार नाही. मी तुझं नाव दिलंय. तुला न विचारता. नको असेल तर या कागदाच्या पाठीमागे चौकीचा नंबर लिहिलाय, तिथे एवढंच सांग की माझं नाव काढा. मग ते मला वर जाऊ देणार नाहीत, आणि तुझ्या मनासारखं होईल, मी कुरकुर करणार नाही. आणि नाही काढलंस, तर वाऱ्याच्या दिवशी फोन उचलावा लागेल. बोलू नकोस हवं तर. मी ‘आले’ म्हणेन, तू ठेवून दे. हे लिहिताना मला भीती वाटते आहे, तू तो नंबर फिरवशील याची. अक्षर बघ, ओळ सोडून चाललंय. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मला काहीतरी वाटलं, तर ते आधी तुलाच कळवावं म्हटलं.

तुझीच,
आई